भूमि-उपयोजनातील घटकांची निवड : निकष आणि निर्बंध

नगराच्या विकास योजनेत कोणती जमीन कोणत्या कामी लावावी हे ठरविताना भूरचना, मृदा, जलनिःसारण, दळणवळण, जमिनीचे मूल्य अशा अनेक घटकांचा विचार करावा लागतो. त्यांतील निर्णायक कोणते, हा प्रश्न वरवर तांत्रिक भासला तरी त्याच्या उत्तरावर सहस्रावधी लोकांची सुरक्षितता अवलंबून असते.

प्रत्येक घटकाचा स्वतंत्र नकाशा करून ते एकावर एक ठेवण्याची पद्धत इयन मॅकहार्ग यांच्या १९६९ सालच्या ग्रंथामुळे सर्वत्र परिचित झाली. पुढे टॉमस साटी यांनी घटकांची दोन-दोनांत तुलना करून, १ ते ९ या श्रेणीच्या आधारे, त्यांचे भार काढण्याची रीत दिली. या रीतीने तुलनांमधील सुसंगती तपासता येते; परंतु सुसंगत मत हे यथार्थ असतेच असे नाही.

भारित बेरजेत एक मूलभूत दोष संभवतो. समजा, दळणवळण, मूल्य व पूरसुरक्षितता यांचे भार अनुक्रमे ०.५, ०.३ व ०.२ आहेत. पहिल्या जागेस ९, ८ व १ असे गुण मिळाल्यास बेरीज ७.१ येते, दुसरीस ६, ६ व ७ मिळाल्यास ६.२. म्हणजे पूरप्रवण जागाच श्रेष्ठ ठरते. एका घटकातील उणीव दुसऱ्याने भरून निघते, हे गृहीत येथे अनर्थकारक होय.

मुंबईतील मिठी नदीचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. तिच्या काठची सखल, दलदलीची जमीन भरावाने उंचावून तेथे वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. अन्यत्रही भराव व अतिक्रमणे यांमुळे पात्र आकुंचित झाले. दळणवळणाच्या दृष्टीने ही जागा उत्तमच होती. तथापि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा भरतीमुळे समुद्राकडे जाण्याचा मार्गही अडलेले पाणी कुर्ला, कालिना आदी वस्त्यांत शिरले. भरावाची हानी भराव करणाऱ्यासच भोगावी लागते असे नाही, हेही यातून दिसते.

म्हणून घटकांचे प्रथम दोन वर्ग करावेत. पूररेषा, तीव्र उतार यांसारखे घटक निर्बंध समजून त्यांत येणारी जमीन आरंभीच वगळावी. उरलेल्या जमिनीपुरतीच भारांची तुलना करावी. परस्परसंबद्ध घटक दोनदा मोजू नयेत, आणि भार थोडे बदलून निष्कर्ष टिकतो की नाही हे पाहावे. घटक किती घेतले यापेक्षा कोणता घटक तडजोडीस अपात्र मानला, यावरच योजनेची योग्यता ठरते.