हॉस्टेलच्या आधीची हॉकी

हॉकीत एखादी मुलगी चमकली की बातमीत दोन गोष्टी हमखास येतात: घरची गरिबी आणि मिळालेलं यश. मधली वर्षं गाळली जातात. आज आपण त्याच वर्षांबद्दल बोलू. खेळाचा खर्च कोण उचलतं आणि तो घराच्या खांद्यावरून नेमका केव्हा उतरतो?

राणी रामपालचं उदाहरण घेऊ. हरियाणातलं शाहाबाद मारकंडा हे तिचं गाव. वडील गाडा ओढायचे, दिवसाला 80 रुपये मिळायचे. सरावाला येताना प्रत्येकीने अर्धा लिटर दूध आणायचं, असा प्रशिक्षकांचा नियम. राणीच्या घरी 200 मिलिलिटरच परवडायचं, मग ती त्यात पाणी घालायची. हे तिनेच पुढे सांगितलंय. आपण ऐकतो, हळहळतो आणि विसरतो. पण हिशेब करून बघा. 80 रुपयांच्या घरात एका मुलीचं दूध म्हणजे बाकीच्यांच्या ताटातला घास असतो. स्टिक आणि बूट मिळाले ते प्रशिक्षक बलदेव सिंग यांच्याकडून. त्यांनी तिला स्वतःच्या घरीही ठेवून घेतलं. 2010च्या विश्वचषकात ती पंधरा वर्षांची होती, आणि टोकियोत चौथ्या आलेल्या संघाची कर्णधार.

झारखंडच्या सलीमा टेटेच्या बाबतीत हा भार थोरल्या बहिणीनेही वाहिला, लोकांच्या घरी कामं करून. म्हणजे त्याग फक्त आईबापांचा नसतो. भावंडांचाही असतो, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

मग घरं हे का करतात? निव्वळ हौस म्हणून नाही. रेल्वे, पोलीस, सार्वजनिक कंपन्या यांत खेळाडू कोट्यातून नोकरी लागते, आणि एका नोकरीवर अख्खं घर उभं राहतं. हिशेब रास्त आहे, फक्त फळ लागायला आठ-दहा वर्षं जातात. आणि लागेलच असं नाही.

या वर्षांत वाटा साधारण तीन. पहिली, सरकारी क्रीडा हॉस्टेल: राउरकेल्याचं पानपोष, झारखंडमधलं सिमडेगा, आपल्याकडे पुण्याची क्रीडा प्रबोधिनी. राहणं, जेवण, शाळा, मैदान सगळं एका जागी. वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे या फलटण तालुक्यातल्या मुली प्रबोधिनीतूनच भारतीय संघापर्यंत गेल्या. दुसरी वाट म्हणजे एखाद्या जाणत्या प्रशिक्षकाचं केंद्र. शिकवणं उत्तम असू शकतं, पण खुराक बहुधा घरचा. तिसरी, गावातच राहून शाळेच्या संघातून खेळायचं. ही स्वस्त पडते, पण टर्फ मिळत नाही. 1976च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून मोठी हॉकी कृत्रिम टर्फवर गेली. तिथे चेंडू वेगाने आणि सरळ येतो. मातीवर तो उडतो, अडतो. मातीवर वाढलेल्या मुलीला मग अडवणं आणि पास देणं पुन्हा शिकावं लागतं. गोलकीपरचं तर विचारूच नका. पॅड, हेल्मेट, किकर्स हे सगळं घ्यायचं तर साध्या घराला झेपत नाही.

आईवडील आम्हाला विचारतात, कोणती वाट चांगली? आमचं उत्तर असं की आधी तीन प्रश्न विचारा. शाळा चालू राहील का? दुखापत झाली तर उपचार कोण करणार? आणि निवड झाली नाही तर परतायचा रस्ता आहे का?

पण खरी अडचण या वाटा सुरू होण्याआधीची आहे. हॉस्टेलची निवड चाचणी होईपर्यंत मुलगी दोन-तीन वर्षं खेळलेली असावी लागते. तेवढ्या काळातलं दूध, स्टिक, एसटीचं भाडं हे सगळं घराच्याच माथी. मदत येते ती निवडलेल्यांना. चाचणीपर्यंत पोचूच न शकलेली मुलगी कुठल्याच यादीत नसते. म्हणून पैसा थोडा असेल, तर तो आधी शाळेच्या मैदानावर जायला हवा: दहा वर्षांच्या मुलीच्या दुधासाठी आणि स्टिकसाठी.