चेहरा शेवटी बघा!

वसमतच्या मोंढ्यात हळदीची पोती उतरत असतात आणि आडतीच्या गादीमागून, चंदनाच्या हारातून, आजोबा सगळ्या वजनकाट्यांवर नजर ठेवून असतात. अशी तसबीर दिसली की आपण आधी चेहरा बघतो. चुकतंच तिथं! आधी हात बघा. मनगटावरचं घड्याळ नेमकं दिसतंय ना? मग ती बाही काय आपोआप वर सरकली?

हात झाले की पाय. फ्रान्सच्या चौदाव्या लुईला चित्रकार रिगोनं 1701 साली रंगवलं, तेव्हा राजेसाहेबांची साठी उलटली होती. पण जड राजझगा बाजूला सारून पांढऱ्या मोज्यांतले पाय असे पुढं काढलेत, की नाचायला निघालाय गडी! तरुणपणी तो खरंच दरबारात नाचायचा. बुटांच्या टाचा लाल, कारण लाल टाच म्हणजे दरबारी मान.

मग कपडे. यात एक गंमत आहे. अठराव्या शतकात लंडनचे बडे चित्रकार चेहरा रंगवून झाला की कॅनव्हास जोसेफ व्हॅन आकनकडं पाठवायचे. रेशीम, मखमल, झालर त्यानं रंगवायची. 1749 मध्ये तो गेला, तर होगार्थनं त्याच्या अंत्ययात्रेचं व्यंगचित्र काढलं. त्यात मागं रडत चाललेत ते सगळे चित्रकार! आता चुण्या कोण पाडणार?

आपल्याकडचा नमुना जास्त खमंग आहे. 1792 साली पुण्यात जेम्स वेल्सनं सवाई माधवराव आणि नाना फडणवीस एकाच चित्रात बसवले. पेशवे अठरा वर्षांचे, अंगावर मोत्यांची लयलूट. शेजारी नाना, शिडशिडीत आणि साधे. दागिने मोजून सत्ता कुणाची ते ठरवाल, तर फसाल. कारभार कुणाच्या हातात होता हे पुण्यात पोरालाही ठाऊक होतं. हे चित्र आता लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडं आहे.

दागिन्यांचा दुसरा उपयोग बडोद्यात. मालेगावजवळच्या कवळाण्याच्या शेतकरी घरातला गोपाळ 1875 मध्ये बडोद्याच्या राजघराण्यात दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. 1881 मध्ये राज्याधिकार मिळायच्या सुमारास राजा रवि वर्मा बडोद्यात आले. त्यांनी रंगवलेल्या महाराजांच्या अंगावर हिरे-मोती एवढे, की कवळाण्याची माती शोधून सापडू नये.

वस्तूही बोलतात. वसमतहून नांदेड जवळच. तिथं दुकानोदुकानी दिसणाऱ्या गुरू गोविंदसिंगजींच्या चित्रात हातावर बाज, म्हणजे ससाणा असतो. ससाणा बाळगणं हा एकेकाळी राजेरजवाड्यांचा मान.

आणि माणूस एकच असून चित्रं दोन असली तर? पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेले बालगंधर्व दोनदा भेटतात: एकदा पुरुषवेशात, एकदा स्त्रीवेशात. नाटक सुरू व्हायच्या आधी तिथं जरा उभे राहा. लोक कुणाकडं जास्त वेळ बघतात, ते बघायलाच मजा येते.