रिपोर्ट तोच, वय वेगळं

कॉलेजात एनएसएसचं रक्तदान शिबिर असतं. आपण रांगेत उभे राहतो, बोटाला सुई टोचते आणि रक्ताचा एक थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात पडतो. थेंब झटकन बुडाला की तुम्ही पास. तरंगत राहिला की टेबलामागचे काका मान हलवतात, ‘हिमोग्लोबिन कमी आहे, या वेळी नको.’ रक्त द्यायला किमान १२.५ ग्रॅम लागतं. मग कँटीनमध्ये ग्रुप यथेच्छ खेचतो, घरी आई बीट आणि खजूर सुरू करते, डॉक्टर लोहाच्या गोळ्या लिहून देतात. विषय संपला!

आता समजा, हाच रिपोर्ट तुमच्या आजोबांचा आहे. त्यांना गोळ्या देताना डॉक्टर आणखी एक प्रश्न विचारतील, ‘हे रक्त जातंय कुठे?’ पुरुषांमध्ये किंवा पाळी थांबलेल्या बायकांमध्ये लोहाची कमतरता सापडली, की पोट आणि आतडं दुर्बिणीने तपासावं, असा वैद्यकातला दंडक आहे. आपल्या वयात मात्र तो प्रश्न बहुतेक वेळा विचारलाच जात नाही.

तो का विचारायचा, हे कळायला आधी पॉलिप म्हणजे काय ते बघू. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर कधी कधी छोटे मांसल कोंब उगवतात, ते पॉलिप. बरेचसे निरुपद्रवी असतात. पण त्यातल्या ‘अ‍ॅडिनोमा’ नावाच्या प्रकारातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. हा प्रवास साधारण दहा वर्षांचा असतो, म्हणजे पकडायला वेळ भरपूर. अडचण एवढीच, की छोटा पॉलिप दुखत नाही, खुपत नाही. मोठा झाला की त्यातून थोडं थोडं रक्त झिरपू शकतं, तेही डोळ्यांना दिसणार नाही इतकं. महिनोन्‌महिने असं चाललं की शरीरातला लोहाचा साठा आटतो. आधी फेरिटिन घसरतं, मग लाल पेशी आकाराने लहान होतात आणि हिमोग्लोबिन खाली येतं.

म्हणजे हिमोग्लोबिन कमी आलं की घाबरायचं का? अजिबात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिला आणि २५ टक्के पुरुषांना अ‍ॅनिमिया असल्याचं दिसलं. जेवणात लोह कमी, पाळीत जास्त रक्तस्राव, पोटातले जंत, मूळव्याध अशी साधी कारणंच बहुतेकांच्या बाबतीत निघतात. पण ‘बहुतेक’ म्हणजे ‘सगळे’ नव्हेत. मुलग्यांकडे तर पाळीचं कारणही नसतं. कारण न शोधता नुसत्या गोळ्या घेणं म्हणजे टाकी गळतेय आणि आपण वरून बादल्या ओततोय.

अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये पन्नाशीच्या आतल्या पाच हजारांहून जास्त आतड्याच्या कॅन्सर रुग्णांच्या नोंदी तपासल्या. निदानाच्या आधी तीन महिने ते दोन वर्षं या काळात चार खुणा पुन्हा पुन्हा दिसल्या : पोटदुखी, शौचातून रक्त, जुलाब आणि लोहाच्या कमतरतेचा अ‍ॅनिमिया. तीन खुणा शरीर स्वतः सांगतं, चौथी रक्ताच्या रिपोर्टमध्ये असते. एक खूण असेल तर धोका जवळपास दुप्पट, दोन असतील तर तिपटीहून जास्त. तरुणांमध्ये मूळ धोकाच कमी असतो, त्यामुळे दुप्पट झाला तरी तो लहानच राहतो. पण खुणा एकत्र दिसल्या तर दुर्लक्ष नको.

दुर्लक्ष होतंच, कारण हा विषय काढायचीच लाज वाटते. ‘मूळव्याध असेल’, ‘मेसचं तिखट बाधलं असेल’ म्हणून आपण गप्प बसतो. तरुण रुग्णांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२४ मध्ये आला. त्यात लक्षण सुरू होण्यापासून निदानापर्यंत चार ते सहा महिने गेलेले दिसतात. ‘ब्लॅक पँथर’ चॅडविक बोसमनला हा आजार असल्याचं २०१६ मध्ये कळलं. तेव्हा तो ३९ वर्षांचा होता आणि आजार तिसऱ्या टप्प्यात होता. २०२० मध्ये, ४३ व्या वर्षी तो गेला.

मग सरळ एक ब्लड टेस्ट करून मोकळं व्हायचं? इथेच गंमत आहे. सीईए नावाची टेस्ट अनेक पॅकेजमध्ये असते. ती आजार झालेल्यांवर लक्ष ठेवायला उपयोगी, पण पॉलिप शोधायला नाही. सिगारेट ओढणाऱ्यांमध्येही ती वाढलेली दिसते. रक्तात तरंगणारे डीएनएचे तुकडे शोधणाऱ्या ‘शील्ड’ या नव्या टेस्टला अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळाली, तीही ४५ च्या पुढच्यांसाठी. चाचण्यांमध्ये तिने कॅन्सर ८३ टक्के वेळा पकडला, पण धोकादायक पॉलिप जेमतेम १३ टक्के वेळा. कारण पॉलिप रक्तात फारसा पुरावा सोडतच नाही. म्हणजे रक्त प्रश्न विचारू शकतं, उत्तर मात्र कोलोनोस्कोपीच देते. ती पॉलिप दाखवते आणि बहुतेक वेळा तिथेच काढूनही टाकते.

अमेरिकेत तपासणीचं वय २०२१ मध्ये ५० वरून ४५ वर आलं. आपल्याकडे सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर येतो, आतड्याचा नाही. विशीतल्या कुणालाही सरसकट कोलोनोस्कोपीची गरज नाहीच. पण आपल्यावर लक्ष ठेवायला आपल्याशिवाय दुसरं कुणी नाही, हेही तितकंच खरं. म्हणून एवढं करा :

• हिमोग्लोबिन कमी आलं तर ‘कशामुळे?’ हे डॉक्टरांना विचारा. फेरिटिन तपासायचं का, तेही विचारा. थॅलेसेमिया मायनरमध्येही पेशी लहान दिसतात, तिथे गोळ्यांचा उपयोग नसतो.
• गोळ्या नीट घेऊनही आकडा वर येत नसेल किंवा पुन्हा घसरत असेल तर परत जा.
• शौचातून रक्त येत असेल तर स्वतःच मूळव्याधीचा शिक्का मारू नका. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळी होते आणि बिटाने लालसर, हेही लक्षात असू द्या.
• घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर किंवा पॉलिप झाले होते का, हे एकदा विचारून ठेवा. काही घराण्यांत पॉलिप अगदी शाळकरी वयातच सुरू होतात. अशांची तपासणी इतरांपेक्षा खूप आधी करावी लागते.

पुढच्या शिबिरात तुमचा थेंब तरंगला, तर ग्रुपला हसू दे. बीट, खजूरही खा. फक्त डॉक्टरांकडून उठण्याआधी आजोबांसाठी विचारला जाणारा तो प्रश्न स्वतःसाठीही विचारा, ‘रक्त जातंय कुठे?’