डिकीचे शॉकअप वेळीच बदला



ऊसरोपांचे ट्रे, खताच्या पिशव्या आपण जुन्या गाडीच्या डिकीतून नेतो. मागचे दार वर उचलले की आपले आपण थांबते. हे काम दोन बाजूंचे शॉकअप करतात. परवा ट्रे काढताना माझ्याच गाडीचे दार पाठीवर आदळले. खाली लहान पोर असते तर? म्हणून हे लिहितो.

शॉकअपच्या नळीत नायट्रोजन वायू मोठ्या दाबाने भरलेला असतो, थोडे तेलही असते. सील झिजले की वायू हळूहळू निघून जातो. थंडीत दाब आणखी घटतो. म्हणून पहाटे पडणारे दार दुपारी टिकते. त्यावर फसू नये.

बदलताना जोडीच बदलावी. नळीवरचा नंबर पाहून त्याच लांबीचे, त्याच ताकदीचे घ्यावेत. दार पूर्ण उघडून भक्कम लाकडी टेकू द्यावा, जोडीला एक माणूस घ्यावा. टोकाची क्लिप बारीक स्क्रू-ड्रायव्हरने जरा उचलली की शॉकअप सुटतो. एक काढून नवा बसवावा, मगच दुसऱ्याला हात लावावा. दिशा जुन्याचीच ठेवावी. बहुधा दार मिटल्यावर दांडी खाली येते, म्हणजे सील तेलात राहते.

जुना शॉकअप कापू नये, भोके पाडू नयेत, जाळात टाकू नये. आत दाब शिल्लक असतो, नळी फुटते.

ट्रॉलीला टेकू दिल्याशिवाय आपण खाली शिरत नाही. तोच नियम इथेही पाळावा.

— ऊस विकास अधिकारी