क्रिएटिनिन नॉर्मल आलं, म्हणजे किडनी नॉर्मल आहे का?

रिसर्चला सुरुवात करण्याआधी एक प्रश्न वहीत लिहून ठेवा: आपण जे मोजतोय, तेच आपल्याला जाणून घ्यायचं आहे का? मूत्रपिंडाच्या गाठींवरचं संशोधन हा प्रश्न चांगला समजावून देतं.

मूत्रपिंडात कॅन्सरची लहान गाठ सापडली तरी पूर्वी अख्खं मूत्रपिंड काढायचे. दुसरं आहे ना, मग भागेल, असा हिशेब. पुढे फक्त गाठ काढून बाकीचं मूत्रपिंड राखायची पद्धत रुळली. पण राखून नेमका किती फायदा होतो?

त्यासाठी आधी क्रिएटिनिन समजून घ्या. ते स्नायूंमध्ये तयार होतं आणि मूत्रपिंड ते गाळून बाहेर टाकतं. ज्याचे स्नायू कमी, त्याच्या शरीरात ते मुळातच कमी तयार होतं. म्हणून रक्तातला एकच आकडा दोन माणसांत दोन अर्थ सांगतो. 2021 च्या सीकेडी-ईपीआय सूत्रात 1.1 घालून बघा. 25 वर्षांच्या तरुणाची गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, साधारण 95 येते. 65 वर्षांच्या बाईची मात्र 56 च्या आसपास. 60 च्या खाली तीन महिने राहिली, तर तो जुनाट किडनीविकार धरतात.

2006 मध्ये न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमधल्या संशोधकांनी 662 रुग्णांच्या नोंदी अशा तपासल्या. सगळ्यांची गाठ 4 सेंमीपर्यंतची, दोन्ही मूत्रपिंडं जागेवर, क्रिएटिनिन नॉर्मल. तरी 26 टक्के रुग्णांचा ईजीएफआर ऑपरेशनच्या आधीच 60 च्या खाली होता! ऑपरेशननंतर तीन वर्षं 60 च्या वर टिकण्याची शक्यता मूत्रपिंड राखलेल्यांत 80 टक्के, तर पूर्ण काढलेल्यांत 35 टक्के निघाली.

इथे थांबलात, तर निष्कर्ष सोपा वाटेल. थांबू नका. या जुन्या नोंदी होत्या. कोणावर कोणतं ऑपरेशन करायचं हे डॉक्टरांनी ठरवलं होतं. 2011 मध्ये युरोपातल्या ईओआरटीसी चाचणीचा निकाल आला. तिथे 541 रुग्णांना चिठ्ठी टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं होतं. मूत्रपिंड राखलेल्यांचं कार्य चांगलं राहिलं, पण दहा वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण त्यांच्यात 75.7 टक्के आणि पूर्ण काढलेल्यांत 81.1 टक्के होतं. म्हणजे अपेक्षेच्या अगदी उलट. पुरेसे रुग्ण न मिळाल्याने ही चाचणी लवकर बंद करावी लागली होती, आणि फक्त खात्रीने कॅन्सर असलेले रुग्ण धरले तर हा फरक ठाम राहत नाही. त्यामुळे वाद मिटला नाही.

एक स्पष्टीकरण असं: डायबेटिसने किडनी खराब होते, तेव्हा तो आजार पुढेही नुकसान करत राहतो. ऑपरेशनमुळे कमी झालेलं कार्य मात्र बऱ्याचदा त्या पातळीवर स्थिर राहतं. ईजीएफआर दोघांचा सारखा, भवितव्य वेगळं. त्यामुळे कोणाचं मूत्रपिंड राखणं जास्त गरजेचं, हे आधीचे आजार बघून ठरतं.

आपल्याकडे याला आणखी एक बाजू आहे. वैभववाडीचा पेशंट घाट चढून कोल्हापूरला किंवा कोकण रेल्वेने मुंबईला ऑपरेशन करून येतो. पुढची तपासणी गावाजवळच्या लॅबमध्ये होते आणि रिपोर्टवर ‘नॉर्मल’ वाचून घरचे निर्धास्त होतात. शेतात राबणाऱ्या किरकोळ अंगाच्या म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत तो शब्द फसवा ठरू शकतो. वय धरून काढलेला ईजीएफआर आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी यांबद्दल डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. ईजीएफआरसुद्धा अंदाजच, तोही क्रिएटिनिनवरूनच काढलेला, हेही विसरू नका.

आता तुमचा सिनॉप्सिस उघडा. तुम्ही मोजणार असलेल्या प्रत्येक आकड्यापुढे दोन गोष्टी लिहा: हा आकडा कशाच्या जागी वापरतोय, आणि कोणत्या माणसांत तो फसेल? गाईड पहिल्याच मीटिंगला हेच विचारणार आहेत.