लुईव्हिलचे चाहते का चिडले होते: कॉलेज बास्केटबॉलचा संघ ढासळतो तेव्हा नेमकं काय घडतं

आपल्या घरातलं किंवा ओळखीतलं कुणी अमेरिकेत शिकत असेल, तर मार्च महिन्यात त्यांच्या फोनवरच्या गप्पांत बास्केटबॉल हमखास येतो. काही विद्यापीठांत तो आनंदाने येतो, काही ठिकाणी नुसत्या वैतागाने. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धेचा सामना बघायला खेळाडूंचे मित्र सोडले तर फारसं कुणी जात नाही. म्हणून कॉलेजच्या मुलांच्या खेळापायी अख्खं शहर रागावतं, हे आपल्याला पटकन उमगत नाही.

ते समजून घ्यायला एकच संघ सावकाश पाहू. केंटकी राज्यातलं लुईव्हिल विद्यापीठ, आणि २०२२ ते २०२४ मधले त्याचे दोन हंगाम. या दोन हंगामांत संघ ६४ सामने खेळला आणि त्यातले ५२ हरला.

आधी शहर समजून घ्या. लुईव्हिलमध्ये एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा संघ नाही. केंटकी कर्नल्स नावाचा दुसऱ्या एका लीगमधला व्यावसायिक संघ तिथे होता, तो १९७६ मध्ये बंद झाला. तेव्हापासून शहराचा बास्केटबॉल म्हणजे विद्यापीठाचा बास्केटबॉल. कधीही त्या विद्यापीठात न शिकलेली माणसंही ‘आपला संघ’ म्हणतात. अनेक घरांत सीझन तिकीट, म्हणजे पूर्ण हंगामाच्या जागांचा हक्क, पिढ्यान् पिढ्या चालत आलेला असतो.

या संघाचा इतिहासही तसाच मोठा. डेनी क्रम यांनी १९७१ ते २००१ अशी तीस वर्षं प्रशिक्षण दिलं आणि १९८० व १९८६ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. ओहायो नदीच्या काठावर २०१० मध्ये उघडलेलं केएफसी यम सेंटर सुमारे २२ हजार प्रेक्षकांचं आहे. एवढं स्टेडियम बांधताना ते भरेल, असं धरलेलं असतं. चाहत्यांची अपेक्षा अशी सिमेंटमध्ये ओतलेली असते, हे लक्षात ठेवा.

आता पडझड. इथे पहिली गफलत होते. बाहेरून पाहणारा समजतो की या दोन हंगामांचा प्रशिक्षक आला आणि संघ बुडाला. लुईव्हिलची घसरण त्याच्या पाच वर्षं आधी सुरू झाली होती. सप्टेंबर २०१७ मध्ये एफबीआयने कॉलेज बास्केटबॉलमधल्या लाचखोरीचा तपास जाहीर केला. त्यात लुईव्हिलचं नाव आलं आणि प्रशिक्षक रिक पिटिनो यांना जावं लागलं. आणखी एका जुन्या प्रकरणात एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या संस्थेने, फेब्रुवारी २०१८ मध्ये लुईव्हिलचं २०१३ चं विजेतेपद नोंदीतून काढून टाकलं. चाहत्यांनी डोळ्यांनी पाहिलेला विजय कागदावर उरला नाही.

एफबीआय प्रकरणातून आलेल्या आरोपांचा निकाल लागायला नोव्हेंबर २०२२ उजाडला. शिक्षा सौम्य निघाली, पण मधली पाच वर्षं टांगती तलवार होती. शाळेतल्या उत्तम खेळाडूला आपल्याकडे वळवायचं तर त्याच्या आईवडिलांचा पहिला प्रश्न असतो, ‘तुमच्या संघावर बंदी येणार का?’ याचं उत्तर जो प्रशिक्षक देऊ शकत नाही, त्याच्या हातून चांगली मुलं निसटतात. चाहत्यांना ही गळती दिसत नाही. त्यांना दोन वर्षांनंतरचा गुणफलक दिसतो.

पिटिनो यांच्यानंतरचे कायमस्वरूपी प्रशिक्षक क्रिस मॅक जानेवारी २०२२ मध्ये हंगामाच्या मध्यावर बाहेर पडले. विद्यापीठाने त्यांना ४८ लाख डॉलर देण्याचं ठरवलं. त्यांच्या जागी केनी पेन आले. हे घरचे होते. १९८६ च्या विजेत्या संघात ते खेळले होते. शेजारच्या, कट्टर प्रतिस्पर्धी केंटकी विद्यापीठात त्यांनी दहा वर्षं सहाय्यक म्हणून काम केलं होतं. मात्र कॉलेजच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक ते कधीच नव्हते. शहराने त्यांचं मनापासून स्वागत केलं, आणि पुढच्या रागात जो दुखावलेपणा होता तो या स्वागतातून आला.

हंगाम कसा चालतो ते पाहू. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बाहेरच्या संघांशी सामने होतात. त्यातले बरेच प्रतिस्पर्धी लहान विद्यापीठांचे असतात. मोठं विद्यापीठ त्यांना ठरलेली रक्कम देऊन आपल्या मैदानावर बोलावतं. लहान विद्यापीठाला पैसे मिळतात, मोठ्याला बहुधा विजय. हे सामने कुणी फार मनावर घेत नाही, आणि म्हणूनच त्यातला पराभव सगळ्यात जास्त लागतो.

लुईव्हिलला २०२२ मध्ये हेच लागलं. हंगामाआधीच्या सराव सामन्यात ते दुसऱ्या श्रेणीतल्या लेनॉयर-राईनकडून हरले. मग पहिले तिन्ही सामने एकेका गुणाने गेले: बेलर्माइनकडून ६६-६७, राईट स्टेटकडून ७२-७३, अपालाचियन स्टेटकडून ६०-६१. बेलर्माइन तर त्याच शहरातलं छोटं विद्यापीठ. सलग नऊ पराभवांनंतर डिसेंबरच्या मध्यात वेस्टर्न केंटकीविरुद्ध पहिला विजय मिळाला. हंगाम संपला तेव्हा हिशोब होता ४ विजय, २८ पराभव.

आपण नव्याने हा खेळ पाहत असाल तर इथे जरा थांबा. एकेका गुणाने हरलेले तीन सामने हे दुर्दैव असू शकतं. त्यावरून प्रशिक्षकाला अपात्र ठरवणं घाईचं होतं. मात्र जानेवारीनंतर संघ वीस-वीस गुणांनी हरू लागतो, बचावात तीच चूक महिनोन् महिने दिसते, तेव्हा ते दुर्दैव उरत नाही. चाहत्यांचा राग योग्य आहे का हे तपासायची सोपी खूण म्हणजे नोव्हेंबरमधला संघ आणि फेब्रुवारीतला संघ शेजारी ठेवून पाहणं. सुधारणा दिसते का? लुईव्हिलचे जाणते चाहते हेच विचारत होते, आणि उत्तर नाही असं येत होतं.

मुख्यतः जानेवारीपासून कॉन्फरन्सचे, म्हणजे विद्यापीठांच्या गटातले सामने होतात. लुईव्हिल एसीसी या गटात आहे. तिथे ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायनासारखे बलाढ्य संघ असतात. पेन यांच्या दोन हंगामांत गटातले ४० सामने झाले, त्यातले ५ जिंकले.

सगळी नजर मार्चवर असते. राष्ट्रीय स्पर्धेत ६८ संघ घेतले जातात. प्रत्येक गटाच्या विजेत्याला थेट प्रवेश मिळतो, उरलेल्या जागा निवड समिती भरते. समिती नुसते विजय मोजत नाही. २०१८ पासून ती ‘नेट’ नावाची क्रमवारी वापरते आणि प्रत्येक सामना चार स्तरांत टाकते. घरच्या मैदानावर पहिल्या ३० मधल्या संघाला हरवलं, किंवा परक्या मैदानावर पहिल्या ७५ मधल्या संघाला, तर तो पहिल्या स्तराचा विजय. तळच्या संघाकडून घरी हरणं हा चौथ्या स्तराचा डाग. त्यामुळे २० विजय मिळवूनही एखादा संघ बाहेर राहतो, आणि त्याच्या चाहत्यांना फसवल्यासारखं वाटतं. सामना कुणाशी आणि कुठे झाला हे न पाहता केलेली विजयांची बेरीज दिशाभूल करते.

आता खेळाडूंकडे वळू, कारण इथे सगळ्यात मोठा गैरसमज आहे. पूर्वी मुलगा चार वर्षं एका विद्यापीठात राहायचा आणि चाहत्यांसमोर वाढायचा. २०१८ मध्ये ट्रान्स्फर पोर्टल आलं. दुसऱ्या विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्या खेळाडूने आपलं नाव नोंदवायची ती यादी. २०२१ पासून एकदा बदली केली तर वर्षभर बाहेर बसावं लागत नाही, आणि २०२४ पासून अभ्यासात ठीक असेल तर कितीही वेळा बदली करता येते.

त्याच वेळी पैसा आला. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाच्या आणि छबीच्या वापरातून कमाई करण्याची मुभा मिळाली. याला तिथे एनआयएल म्हणतात. जुलै २०२५ पासून तर एका न्यायालयीन तडजोडीनुसार विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, आणि पहिल्या वर्षाची मर्यादा सर्व खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर आहे.

याचा परिणाम दुहेरी. हरणाऱ्या संघातले बरे खेळाडू वसंतात निघून जातात, म्हणून खड्डा आणखी खोल होतो. पण तोच दरवाजा आत येण्यासाठीही उघडा असतो. ‘संघ उभारायला चार-पाच वर्षं लागतील, धीर धरा’ हे जुनं वाक्य चाहते आता ऐकून घेत नाहीत, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर आहे. धीर मागणाऱ्या प्रशिक्षकाने निदान या वर्षी कुणाला आणलं आणि का, हे दाखवायला हवं.

राग बाहेर कसा पडतो? सुरुवातीला सबबी चाहतेच शोधतात: नवा प्रशिक्षक आहे, जुन्या शिक्षेचं सावट आहे. मग रेडिओवर फोन करून तक्रारी होतात. खरी भाषा मात्र रिकाम्या खुर्च्यांची. २२ हजारांच्या सभागृहात पाच-सहा हजार डोकी विखुरलेली असली की टीव्हीच्या कॅमेऱ्यालाही ते लपवता येत नाही.

इथे आकड्यांत फसू नका. जाहीर होणारी प्रेक्षकसंख्या बहुतेक वेळा विकलेल्या किंवा वाटलेल्या तिकिटांची असते, दारातून आत आलेल्या माणसांची नाही. सीझन तिकिटाचे पैसे आधीच भरलेले असतात. म्हणून पहिल्या वर्षी लोक येत नाहीत तरी जमाखर्च ठीक दिसतो. धक्का बसतो तो नूतनीकरणाच्या वेळी, जेव्हा वीस-तीस वर्षांचे ग्राहक जागा सोडून देतात आणि देणगीदार हात आखडतात.

मग प्रश्न येतो, ४-२८ नंतरच का काढलं नाही? याचं एक मोठं कारण करारात असतं. प्रशिक्षकाला मुदतीआधी काढलं तर ठरलेली भरपाई द्यावी लागते. तिला बायआउट म्हणतात. ती साधारणपणे वर्षागणिक घटत जाते, म्हणून थांबणं स्वस्त पडतं. मॅक यांची भरपाई ठरून तर जेमतेम वर्ष उलटलं होतं. त्यात पेन घरचे. विद्यापीठाने दुसरी संधी दिली. दुसऱ्या हंगामाआधी सराव सामन्यात पुन्हा दुसऱ्या श्रेणीतल्या केंटकी वेस्लियनकडून पराभव झाला, पुढे अर्कान्सा स्टेटकडूनही घरी हरले. हिशोब ८-२४.

चाहत्यांचा राग अनेकदा प्रशिक्षकावर येऊन थांबतो. तो ॲथलेटिक डायरेक्टरपर्यंत, म्हणजे विद्यापीठाच्या क्रीडा विभागाच्या प्रमुखापर्यंत जायला हवा. निवड, करार आणि भरपाईचं कलम या तिन्हींवर त्याचा शिक्का असतो. खेळाडूपर्यंत मात्र तो जाऊ नये. फ्री थ्रो चुकवणारा मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा असतो आणि दुसऱ्या दिवशी वर्गात बसतो. पैजा लावणारे लोक अशा मुलांना धमक्या पाठवतात, ही गोष्ट आज तिथल्या खेळाची खरी लाज आहे. पैसे मिळतात म्हणून शिव्याही खाव्यात, हा युक्तिवाद मला मुळीच मान्य नाही.

१२ मार्च २०२४ ला एसीसीच्या गटस्पर्धेत लुईव्हिल नॉर्थ कॅरोलायना स्टेटकडून हरलं. दुसऱ्या दिवशी पेन यांना काढलं. भरपाई सुमारे ८० लाख डॉलर. कॉलेज ऑफ चार्ल्स्टनचे पॅट केल्सी आले आणि त्यांनी पोर्टलमधून जवळजवळ अख्खा संघ नवा आणला. विस्कॉन्सिनहून चकी हेपबर्न, चार्ल्स्टनहून स्वतःबरोबर ऑस्ट्रेलियाचा रेन स्मिथ. पहिल्याच हंगामात २७ विजय, ८ पराभव, गटात १८-२. यम सेंटर पुन्हा गजबजलं.

यावरून प्रशिक्षक बदलला की काम झालं, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. त्याआधी लुईव्हिलला हरवणाऱ्या त्या नॉर्थ कॅरोलायना स्टेटकडे पाहा. त्यांचे प्रशिक्षक केव्हिन कीट्स त्या आठवड्यात स्वतःच टांगणीला होते. १७-१४ अशा नोंदीसह आलेल्या त्यांच्या संघाने पाच दिवसांत पाच सामने जिंकून गटस्पर्धा घेतली, राष्ट्रीय स्पर्धेत थेट उपांत्य फेरी गाठली. १९८३ नंतर प्रथमच. कीट्स यांची मुदत वाढली. पुढच्या हंगामात संघ १२-१९ वर आला आणि मार्च २०२५ मध्ये त्यांना काढलं गेलं.

तेव्हा आपल्या भाच्याने किंवा मैत्रिणीच्या मुलीने पुढच्या मार्चमध्ये ‘आमच्या कोचला हाकला’ असं म्हटलं, तर तीन गोष्टी विचारा: नोव्हेंबरपासून संघ सुधारला का, वसंतात कोण गेलं आणि कोण आलं, आणि करारात भरपाई किती उरली आहे. लुईव्हिलच्या बाबतीत चौथाही प्रश्न विचारता येतो: मार्चमध्ये संघ जिंकला का? केल्सींचा तो २७ विजयांचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात क्रेटनकडून ७५-८९ असा हरला. त्याआधी त्या स्पर्धेत लुईव्हिलने शेवटचा सामना जिंकला होता तो २०१७ मध्ये, आणि तिथले लोक ती तारीख विसरलेले नव्हते.