शेजार हेंच तारण

भांडवल म्हटलें कीं जमीन, यंत्रें आणि पैसा एवढेंच डोळ्यांपुढें येतें. परंतु अमेरिकेंतील पश्चिम व्हर्जिनिया राज्याचे ग्रामीण शाळांचे पर्यवेक्षक हनिफन यांनीं १९१६ सालीं शेजाऱ्यापाजाऱ्यांतील सद्भावालाही ‘सामाजिक भांडवल’ म्हटलें. शाळाखात्यांतील माणसाला हें सुचावें याचें मला नवल वाटत नाहीं. १९९० नंतर जागतिक बँकेनेंही हा शब्द उचलला.

बांगला देशांत मात्र त्याचा व्यवहार आधींच सुरू झाला होता. १९७६ सालीं चितगांवजवळच्या जोब्रा गांवीं प्राध्यापक महंमद युनूस यांनीं ४२ गरिबांस मिळून अवघे २७ डॉलर उसने दिले. १९८३ सालीं त्यांतून ग्रामीण बँक उभी राहिली. ऋणकोंपाशीं तारण नव्हतें, म्हणून पांच-पांच जणींचे गट केले. पहिल्या दोघींनीं हप्ते वेळेवर फेडले, तरच बाकीच्यांना कर्ज मिळे.

गोम येथेंच आहे. अडल्या वेळीं धांवून येणारी शेजारीण आतां हप्त्यासाठीं दारांत उभी राहूं लागली. गाय मेली, पीक बुडालें, तर दोष कोणाचा? पण तोंड लपवावें लागे त्या बाईलाच. १९९८ च्या महापुरानंतर हप्ते फार थकले, तेव्हां २००१-०२ च्या सुमारास बँकेनें नियम बदलून अडलेल्या ऋणकोस हप्ते पुन्हां बांधून घेण्याची मुभा दिली.